पासपोर्टला लावलेलं कुंकू

माझ्या पहिल्या पासपोर्टवरचा माझा चेहरा मी स्वतःच्या हाताने, पावाच्या तुकड्याने पुसून टाकला.

असं कोणी करतं का, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणते. पण त्या सकाळी आमच्या ओटीवर जमलेल्या सगळ्यांना (मी धरून!) तो अगदी शहाणपणाचा उपाय वाटत होता.

स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झाली होती. हे मोंबासाला गोदीत कारकून होते. लग्न झालं, रजा संपली, हे बोटीत बसले आणि मी रेवदंड्याजवळच्या आमच्या वाडीत सासूबाईंजवळ राहिले. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. दोन पावसाळे गेल्यावर यांना एकदाची राहायला खोली मिळाली आणि निरोप आला, ‘पासपोर्ट काढून ये.’

पासपोर्ट म्हणजे काय हे वाडीत कोणालाच ठाऊक नव्हतं. चौकशीला हवालदार घरी आला, तेव्हा शेजारच्या काकू मागच्या दाराने येऊन हळूच म्हणाल्या, “कशात सापडली गो तू?” मी म्हटलं, “कशात नाही. आफ्रिकेत जातेय.” काकू म्हणाल्या, “अगो बाय, येवडी शिक्षा?”

फोटो काढला अलिबागला. फोटोवाल्याने तोंडावर दिव्यांचा असा मारा केला की त्या उजेडात माझं कुंकू, भुवया आणि निम्मं नाक वाहून गेलं. पण पासपोर्ट मिळाला! निळं कापडी पुठ्ठ्याचं पुस्तक, वर सोनेरी सिंह. मी ताबडतोब जाहीर केलं, “याला कोणी हात लावायचा नाही. सरकारी वस्तू आहे.” आणि पैठणीच्या घडीत ठेवून ट्रंकेला कुलूप घातलं. चावी कुठे ठेवली? देवघरात. (सगळ्या घराच्या चाव्या तिथेच असत. तरी मला वाटलं, काय जागा शोधली!)

आत्याबाईंनी मात्र एकदा बघायला मागितला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला, फोटो डोळ्यांजवळ नेला आणि त्यांचा चेहराच उतरला.

“ह्यो तुजा फोटू हाय?”

“हो.”

“मंग कपाल असं मोकलं का?”

“दिव्याच्या उजेडात कुंकू दिसत नाही, आत्याबाई. होतं कपाळावर.”

“तू सांगशील गो. कागद सांगंल काय? माजा पोरगा तिकडं धडधाकट हाय, कामाव जातो, आनि सरकारच्या बुकात त्याची बायको अशी?”

मी हसले. त्या हसल्या नाहीत. तिथेच मला काय ते कळायला हवं होतं!

दुसऱ्या दिवशी न्हाणीतून केस पुसत बाहेर आले, तर आत्याबाई ओटीवर पासपोर्ट मांडीवर घेऊन बसलेल्या. शेजारी कुंकवाचा करंडा. त्यांनी काम कच्चं केलं नव्हतं. आधी बोटाने मेण लावलं होतं, त्यावर पिंजर, आणि कडा पदराच्या टोकाने गोल करून घेतल्या होत्या.

“बघ,” त्या समाधानाने म्हणाल्या, “आता कशी सवाशीण दिसतंस!”

मी किंचाळले. माझं किंचाळणं ऐकून पोफळीला पाणी सोडत असलेले दिनूभावजी, म्हणजे माझे धाकटे दीर, खोरं घेऊनच धावत आले. त्यांना वाटलं घरात साप निघाला.

सकाळी घडलं ते एवढंच होतं. एक नीटस, गोल कुंकू. ते तसंच राहू दिलं असतं, तर कदाचित कोणी विचारलंही नसतं. पण मी पडले टापटिपीची! ओल्या पदराने मी ते अलगद टिपायला गेले आणि कुंकू कपाळावरून निघून दोन्ही गालांवर पसरलं. खाली शाईने लिहिलेलं माझं नावही पाणी लागताच पाय पसरून बसलं.

“वैनी, पानी नको!” भावजी ओरडले. “मेण हाय ते. मेणाला राकेल!”

भावजी वर्तमानपत्र वाचायचे. त्यामुळे त्यांचं कोणी खोडून काढत नसे. कंदिलातलं राकेल बोळ्याने लावलं. मेण निघालं, हे कबूल केलं पाहिजे. पण आता अख्ख्या पानाला तेलकट डाग पडला आणि पलीकडच्या पानावरचा मजकूर अलीकडे दिसायला लागला.

“अजून लाली आहे,” मी रडकुंडीला येऊन म्हटलं.

“पाव!” भावजी म्हणाले. “शालंत आमी पेन्सिल पावानंच पुसायचो.”

ताजा पाव आला. मी मऊ गर काढून गोळी केली आणि घासू लागले. लाली निघत होती! भावजी वाकून बघत सांगत होते, “निघाली, निघाली... वैनी, डावीकडं थोडी हाय... आता हनुवटीव...” आमच्या दोघांच्याही अंगात असा उत्साह संचारला की काय पुसतोय याचं भानच राहिलं नाही.

“अगो, नाक कुटं गेलं?” आत्याबाईंनी विचारलं.

आम्ही थांबलो. नाक नव्हतं. डोळे नव्हते. फोटोत उरला होता खांद्यावरचा पदर, उजवा कान आणि कानातली कुडी. कुडी मात्र फार सुरेख आली होती. एकेक मोती मोजून घ्यावा!

तो पासपोर्ट मग खळ्यात, वाळत घातलेल्या सुपाऱ्यांच्या शेजारी, उन्हात ठेवला. मी कपाळाला हात लावून बसले. बोट जायला महिना-दीड महिना उरला होता. हे तिकडे खोली झाडून, दोन माणसांची भांडी आणून वाट बघत होते आणि मी इकडे एका कानाने आफ्रिकेत जाणार होते!

वाडीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. पाणवठ्यावर कोणीतरी बोललं, “म्हातारीनं मुद्दाम केलंन. सून गेली तर सोबतीला कोन?” ते आत्याबाईंच्या कानावर गेलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मी खूप रागावायचं ठरवून स्वयंपाकघरात गेले, तर त्या चुलीपुढे बसून डोळे पुसत होत्या. म्हणाल्या, “धुरानं.” चूल पेटलेलीच नव्हती.

“आत्याबाई, मला ठाऊक आहे तुम्ही मुद्दाम नाही केलं.”

“मुद्दामच केलं,” त्या म्हणाल्या. “तुला कोनी वाईट नजरंनं बघू नये म्हनून मुद्दामच केलं. आता मीच येतंय मुंबईला. सायबाला मी सांगतंय.”

आत्याबाई आजवर अलिबागच्या पुढे गेल्या नव्हत्या. रेवसच्या धक्क्यावर लाँच हलताना बघून त्यांनी देवाचं नाव घेतलं, ते थेट भाऊच्या धक्क्याला उतरल्यावर सोडलं. पण पासपोर्टची पुरचुंडी छातीशी घट्ट धरलेली. भावजींनी मला वाटेत शिकवून ठेवलं होतं, “सांगायचं, लाँचमधी लाट आली, भिजला. बास.”

पासपोर्टच्या कचेरीत साहेबांनी पुरचुंडी सोडली. पासपोर्ट उघडला. नाकाजवळ नेला.

“काय झालं याला?”

“लाँचमध्ये लाट आली,” मी म्हटलं. “समुद्राचं पाणी लागलं.”

“समुद्राच्या पाण्याला राकेलचा वास?”

मी भावजींकडे बघितलं. भावजी छताकडे बघत होते.

“सायेब,” आत्याबाई पुढे झाल्या, “ती खोटं बोलतंय. कुकू मी लावलं. पानी हिनं लावलं. राकेल ह्यानं लावलं.”

“आणि हे पानात चिकटलंय ते?”

“पाव हाय तो.”

साहेबांनी चष्मा काढला. तो पुसला, पुन्हा लावला. “बाई, पासपोर्टवर कुंकू कशाला लावलंत?”

“तुमीच सांगा,” आत्याबाई म्हणाल्या, “तुमच्या लेकीचा असा बोडक्या कपालाचा फोटू परमुलखात धाडाल काय?”

साहेबांनी फोटो पुन्हा निरखला. “हे नेमकं काय आहे?”

“कुडी. लग्नात मीच घातली हिला.”

“चांगली आहे,” साहेब म्हणाले. आणि पासपोर्ट खराब होण्याचं कारण म्हणून त्यांनी इंग्रजीत एक ओळ लिहिली. ती वाचून शेजारचा कारकून इतका हसला की त्याला पाणी आणून द्यावं लागलं. ओळीत काय होतं ते मला कधीच कळलं नाही. पण साहेबांनी नव्या पासपोर्टचं काम अडवलं नाही, उलट घाई करायला सांगितलं. आज त्यांच्या दुप्पट शिकलेली माणसं मी बघते, आणि मला ते साहेब आठवतात.

नवा फोटो काढायला गेलो, तर आत्याबाई फोटोवाल्याच्या काळ्या कापडातच डोकं घालायला निघाल्या. “कुकू दिसतंय काय?” तो म्हणाला, “मावशी, लाल रंग भरवशाचा नाही. काजळाचं लावा.” आत्याबाईंनी मनापासून लावलं. फोटोत आधी तो टिळा दिसायचा आणि नंतर, वेळ असेल तर, मी!

पासपोर्ट वेळेवर आला. निघताना आत्याबाईंनी तो माझ्या हातात दिला आणि लगेच स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे घेतले.

बोटीत मी मोंबासापर्यंत आडवी होते. उतरायच्या दिवशी तोंड धुऊन कशीबशी रांगेत उभी राहिले. गोऱ्या साहेबाने पासपोर्ट बघितला, मला बघितलं, पुन्हा पासपोर्ट बघितला. काहीतरी विचारलं. त्याच्या शेजारी एक गुजराती कारकून होता. तो म्हणाला, “बेन, ओळखनी निशाणी लखी छे. कपाळ उपर मोटो काळो तल. तल क्यां छे?”

तीळ! मुंबईच्या त्या हसऱ्या कारकुनाने ओळखीची खूण फोटोवरून लिहून टाकली होती! कठड्यापलीकडे हे हात हलवत उभे होते. दोन वर्षांनी दिसत होते, आणि मला परत पाठवतात की काय! काय करू? पिशवीतून काजळाची डबी काढली आणि साहेबाच्या डोळ्यांदेखत कपाळावर मोठ्ठा तीळ काढला.

साहेबाने शिक्का उचलला होता, तो तसाच हातात राहिला. मग तो खो-खो हसला, पलीकडच्या टेबलावरच्या गोऱ्यालाही त्याने बोलावून आणलं, दोघांनी मिळून माझा तीळ पाहिला आणि शिक्का मारला.

बाहेर येताच मी यांना सगळी हकिगत एका दमात सांगितली. कुंकू, राकेल, पाव, सगळं. हे हसून हसून दमले. म्हणाले, “तुम्हा बायकांच्या हाती पासपोर्ट द्यायचाच नाही. आण इकडे, मी सांभाळतो.” आणि त्यांनी तो आपल्या पांढऱ्या बुशशर्टच्या मोठ्या खिशात ठेवून वरून बटण लावलं. माझ्या जिवावरचं ओझं उतरलं.

दुसऱ्या दिवशी हे कामावर गेले. नव्या संसारातला पहिला दिवस, मला काय करू आणि काय नको असं झालेलं. खुंटीवर यांचा कालचा घामट बुशशर्ट होता. तो घेतला, बादलीत साबण आणि चिमूटभर नीळ टाकून चांगला भिजत घातला. थोड्या वेळाने बघितलं, तर पाणी निळंशार! मी अगदी हरखून गेले. म्हटलं, आफ्रिकेतली नीळ आपल्याकडच्यापेक्षा किती चांगली आहे!