सुरेखाच्या चतुर्थ्या

जाफराबादकडच्या शिवारात बियाण्याच्या कपाशीचं क्रॉसिंग सुरू झालं, की पहिलं बोलावणं सुरेखाला यायचं. दुपारून कळी नखाने सोलायची, आतला नरभाग अलगद काढायचा आणि दुसऱ्या सकाळी तिच्यावर नराचं फूल चोळायचं. नख जरा जास्त लागलं तर बोंड धरत नाही. टोळी चालवणारी दैवशाला म्हणायची, "हिच्या नखाला डोळे हायेत."

या कामात खाडा चालत नाही, कारण सोललेली कळी कुणासाठी थांबत नाही. तरी महिन्यातून एक दिवस सुरेखा जायचीच. राजूरच्या गणपतीला दर चतुर्थीला जायचा नवस आहे, असं तिने सांगितलं होतं. खरं तर ती त्याच एसटीने पुढे जालन्याला जायची, दवाखान्यातून एचआयव्हीच्या गोळ्या घ्यायची आणि येताना राजूरला उतरून पेढे आणायची. नवऱ्यामागे तिच्या वाट्याला हा आजार तेवढा उरला होता. लेक प्रीती निरोगी होती, जालन्यात कॉलेजला होती.

खोटं बोलायला ती सासरी शिकली होती. तिथे ती अंगणवाडीत मदतनीस होती. बातमी फुटली आणि बायकांनी लेकरं पाठवणं बंद केलं. तिला कुणी काढलं नाही. तिने आपण होऊन जावं, याची सगळा गाव वाट बघत राहिला. शेवटी ती माहेरच्या गावी आली.

मागच्या हंगामात धुऱ्यावर जेवताना दैवशालाने तिच्या भाकरीवर आपला ठेचा ठेवला होता. "माझ्या लेकीची कूस उजवू दे म्हणावं गणपतीला. तुझं ऐकतो तो."

या हंगामात लेकीला मुलगा झाला. दैवशाला बाळाला घेऊन नवस फेडायला निघाली आणि सुरेखाला ओढतच राजूरला घेऊन गेली. दर्शन झाल्यावर पायरीवर बसून तिने बाळ सुरेखाच्या मांडीवर दिलं.

"घे. तुझ्या चतुर्थ्यांनी झालंय हे."

बाळाने सुरेखाचं बोट मुठीत धरलं. ज्या चतुर्थ्या केल्याच नव्हत्या, त्यांचं श्रेय तिला घेववेना.

"दैवशालाबाई, मी एकबी चतुर्थी केली न्हाई. मी जालन्याला जात होते, गोळ्या आणायला." मग तिने आजाराचं नाव घेतलं. "डॉक्टरीणबाई म्हणल्या, गोळ्या बराबर चालू हायेत, माझ्यापून कुणाला काही होत न्हाई."

दैवशालाने बाळ उचललं. हिसकावलं नाही; झोपलेलं लेकरू उचलावं तसं, सांभाळून. एसटीत मात्र ती दुसऱ्या बाकावर बसली.

गाव आल्यावर ती जवळ आली, पण हातभर लांब उभी राहिली. "सुरेखा, मी कुणाला सांगायची न्हाई. गणपतीची शपथ. पण उद्यापून तू येऊ नको."

"बाई, काम गेलं तर प्रीतीचं शिक्षण—"

"प्रीतीचंच बघून राह्यले ना मी. तिचं लगन व्हायचंय का न्हाई? मी तोंड उघडलं तर? उपकार समज."

सुरेखाला भांडावंसं वाटलं. पण काय म्हणून भांडणार? चार माणसं गोळा झाली असती आणि कारण विचारलं असतं.

सकाळी टोळीची जीप नेहमीसारखी तिच्या दारापुढे थांबली. बाकीच्या बायकांना काहीच माहीत नव्हतं. द्वारकाबाईने आतून हाळी दिली, "ए महाराणी, पालखी पाठवू का?"

"गुडघा धरलाय. न्हाई जमायचं."

"आता? ऐन फुलात? बरी सापडली तुला सवड! तुझ्या ओळी काय तुझा मामा चोळणार?"

पुढे बसलेल्या दैवशालाने मान वळवली नाही. "चला हो," ती ड्रायव्हरला म्हणाली. "तिला न्हाई यायचं." जीप निघाली. द्वारकाबाईची शिवी वळणापर्यंत ऐकू येत होती.

तेवढ्यात प्रीतीचा फोन आला. "आई, निघालीस का कामाला?"

"निघाले ना. जीपमधीच हाये."

"मग बायकांचा गलका कसा येत नाही?"

सुरेखा उंबऱ्यावर बसली. फोन दुसऱ्या कानाला धरून ती म्हणाली, "आज समद्या गप हायेत, बाई."