आधी हात काढा

कोणतीही वस्तू बिघडली, की इंदलभाऊ आधी तिच्यावरचा हात काढायला लावायचे. दिग्रस-पुसद बसवर मी नवा कंडक्टर म्हणून लागलो, तेव्हा पहिल्याच फेरीला माझं तिकिटाचं मशीन अडलं. बटणं दाबून दाबून मी घायकुतीला आलो. बस अजून स्टँडवरच उभी होती. ड्रायव्हरच्या सीटवरून इंदलभाऊंनी मागे वळून पाहिलं. "पहिले हात काढ त्याच्यावरचा. खाली थेव. माणूस बाजूले झाल्याबिगर मशीनचा दोष दिसत नाही, गजू." मशीन सीटवर ठेवताच तिकीट सुर्रकन बाहेर आलं. माझाच अंगठा भलत्या बटणावर दाबलेला होता. भरल्या बसमध्ये माझी चांगलीच शोभा झाली.

इंदलभाऊ तांड्यावरचे. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहायचे. "आमच्या पिढ्या रस्त्यावरच गेल्या, मले घरात कसं करमन?" असं म्हणायचे. आयुष्यभर बस चालवूनही हौस फिटली नव्हती, म्हणून पन्नाशी उलटल्यावर या गृहस्थांनी रिमोटवर पळणारी हातभर लांब लाल गाडी घेतली. कापसाचा हंगाम संपला, की जिनिंगचं आवार मोकळं पडायचं. रविवारी आम्ही दोघं तिथे ती पळवायचो. येणारे-जाणारे हसायचे आणि मग हळूच थांबून बघत राहायचे.

अशा गाडीची पुढची चाकं वळवायला आत काडेपेटीएवढा सर्व्हो, म्हणजे छोटी मोटर, असतो. तो बिघडला, की चाकं जागच्या जागी थरथरतात. इंदलभाऊंचा क्रम ठरलेला. आधी रिमोट खाली ठेवायचा, मग बॅटरी बघायची, मग वायर हलवून बघायच्या आणि अगदीच इलाज उरला नाही तर सर्व्हो बदलायचा. नवा बसवताना तो आधी मधोमध आणायचा आणि मगच स्क्रू कसायचा. "घाई केली तं गाडी जलमभर एकाच अंगाले वढते," हे त्यांनी मला किती वेळा ऐकवलं असेल.

एका रविवारी चाकं थरथरायला लागली. त्यांनी बॅटरी बदलली, वायर तपासल्या, शेवटी यवतमाळहून आणलेला नवा सर्व्हो बसवला. थरथर तशीच. दुसरा बसवला, तरी तेच. "नवा माल बी खराब निंगाला पाय!" ते दुकानदारावर करवादले. क्रमातली पहिली पायरी त्या दिवशी त्यांनी गाळली होती. ते विसरले की त्यांनी ती मुद्दाम टाळली, हे मी कधी विचारलं नाही. मी सहज बोलून गेलो, "भाऊ, रिमोट खाली थेवा ना."

त्यांनी रिमोट जमिनीवर ठेवला. चाकं शांत झाली. त्यांनी उचलला, पुन्हा थरथर. मग मी तो हातात घेतला, तर चाकं जराही हलेनात. इंदलभाऊ आपल्या उजव्या हाताकडे बघत बसले.

"उद्या डेपोत सांगतो," ते म्हणाले.

"काहून सांगता, भाऊ? रिटायर व्हाले थोडेच दिवस राह्यले. ष्टेरिंग घट्ट धरलं तं कोणाले दिसते?"

"मांगं तू बसतं. बाया-लेकरं बसते. हात खराब हाय तं हात काढाच लागते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच सांगितलं. डॉक्टरांनी कंपवात असल्याचं सांगितलं आणि त्यांना गेटवरचं काम मिळालं. आमच्या बसवर दुसरा ड्रायव्हर आला. सुटताना गेटवरून इंदलभाऊ हात करायचे, तेव्हा माझे डोळे भरून यायचे. त्यांचा मला फार अभिमान वाटायचा आणि रागही यायचा.

पुढे एका रविवारी ते जिनिंगच्या आवारात आले, पण रिमोट त्यांनी माझ्याकडे दिला. स्वतः ओट्यावर बसले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. मी गाडी सोडली. ती पार भिंतीपर्यंत सरळ गेली, वळली आणि सरळ त्यांच्या पायाशी येऊन थांबली.

"गाडी पहिलेपासून चांगलीच होती, गजू," इंदलभाऊ म्हणाले. "चालव. मी पायतो."