आंदणातला प्रोसेसर

ती केस आठवली की आजही माझी मान खाली जाते.

तेव्हा मी नवीन जालन्यातल्या एका ठाण्यात फौजदार होते. शिपाई म्हणून भरती झालेली बाई, परीक्षा देत देत वर आले. त्यामुळं नवं काही दिसलं की शिकून घ्यायची हौस फार. कॉम्प्युटर तर तेव्हा आमच्या ठाण्यातसुद्धा नव्हता.

घनसावंगीकडचे एक काका मुलीला घेऊन आले. लग्नात जावयाला आंदण म्हणून कॉम्प्युटर दिला होता. बोलणं पेंटियम थ्रीचं झालं होतं. सासरी कुणीतरी तपासलं आणि सांगितलं, हा तर सेलेरॉन, हलका माल. झालं! मुलगी आणि मशीन, दोन्ही एकाच जीपमधून माघारी आली.

"व्याही म्हणले, बराबर मशीन द्या, मंग पोरीला पाठवा," काका सांगत होते. "दुकानदारानं गळा कापला हो माझा. मला त्यातलं काय कळतंय?"

मला दुकानदाराचा असा राग आला म्हणता! अर्ज लगेच चौकशीला घेतला. खबऱ्याकडून कळलं, त्या दुकानात पेंटियमची स्टिकरं गड्डीनं येतात. दुकानदाराला बोलावलं, तर तो हसतच आला.

"मॅडम, चालू करून बघा की." काकांनी सोबत आणलेलं मशीन चालू केलं. डब्यावर पेंटियमचं स्टिकर, पडद्यावरही पेंटियम थ्री लिहिलेलं. "बघा! जावयाला गेम खेळता येत न्हाई, त्यात माझा काय कसूर?"

मी तंत्रनिकेतनातल्या एका सरांना बोलावून घेतलं. त्यांनी एक फ्लॉपी घातली. म्हणाले, "स्टिकर कुणीही लावतं. पडद्यावरचं नावसुद्धा बदलता येतं. हे सॉफ्टवेअर थेट प्रोसेसरलाच विचारतं, तू कोण."

मला ते फार आवडलं. आम्ही तरी काय करतो? संशयितानं सांगितलेलं नाव ऐकून घेतो आणि अंगावरची खूण बघतो. पडद्यावर छोटी चौकट उघडली. सेलेरॉन. नेमकं मॉडेल, वेग, सगळं आलं. आतली कॅश मेमरी पेंटियमच्या निम्मी.

मी दुकानदाराला उभं केलं. उभा माणूस लवकर खरं बोलतो, हा माझा अनुभव.

"सगळेच करून राह्यले, मॅडम," तो पुटपुटला.

"मंग सगळ्यांची नावं सांग!"

नावं काही त्यानं दिली नाहीत. पडद्यावरचं नाव आपणच बदललं, असा जबाब त्यानं दिला. काकांना शिक्षेपेक्षा मशीन हवं होतं. दुसऱ्या दिवशी दुकानदारानं खरा पेंटियम आणून ठाण्यातच बसवला. तडजोड झाली.

व्याही आणि जावई घ्यायला आले. मी चहा मागवला. व्याही म्हणाले, "पहिलं तपासून दाखवा." सरांनी पुन्हा फ्लॉपी घातली. पेंटियम थ्री! "आता कसं! पोलिसांनी तपासलेलं मशीन म्हणल्यावर काय बोलायचं काम न्हाई," व्याही म्हणाले. सगळे हसले. मीही हसले.

जावयानं डबा लेकरासारखा छातीशी धरून जीपमध्ये नेला. मुलगी मागं रेंगाळली. आल्यापासून पहिल्यांदाच ती माझ्याशी बोलली.

"मॅडम, अजून एकदा बघता का? काही कमी निघालं तर मला परत आणून सोडतील."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. "बिलकुल बराबर आहे, बाळा. जा बिनघोर."

ती गेली. साहेबांनी शाबासकी दिली. मग मी स्टेशन डायरी लिहायला बसले आणि हात थांबला. कॉम्प्युटर मागितला कुणी? पोरीला हाकललं कुणी? एकाही जबाबात हे विचारलेलं नव्हतं. मुलीचा तर जबाबच घेतलेला नव्हता. आणि बघा, हुंड्याचा कायदा मला पाठ. शाळाशाळांत जाऊन मीच त्यावर भाषणं द्यायची!

फिर्यादी ज्याच्याकडं बोट दाखवतो तिकडंच आपण धावतो, हे मला त्या दिवशी कळलं. त्याच्या शेजारी मुकाट बसलेल्या माणसाला आधी विचारावं. पुढं मी तसं विचारत गेले. त्या मुलीला मात्र विचारायचं राहिलं.

त्या प्रकरणात गुन्हेगार दोन होते. एकाला मी सॉफ्टवेअर लावून शोधून काढलं. दुसऱ्याला चहा पाजला, आणि मुलगी त्याच्या हवाली केली.