तंबाखूला नाही म्हणणारा नातू

आमच्याकडं तंबाखूला कुणी नाही म्हणत नाही. बांधावरनं भांडण असलं तरी समोरच्यानं हात पसरला की आधी त्याच्या हातावर चिमूट ठेवायची, मगच आपल्या तोंडात टाकायची. मी चौथीत शाळा सोडली, पण ही रीत मला कुणी शिकवावी लागली नाही. नातवाला मात्र मीच शिकवली. उसाला पाणी पाजताना म्हणालो, "घे, शीण जातो." अठरा वर्षांचा असेल तेव्हा. आमच्या घरातली तीन माणसं फौजेत होती, तिघंही खाणारी. त्यात वाईट काय, असंच मला वाटायचं. डॉक्टर बोलला तरी मी ऐकून घेत नसे.

पुढं तो साताऱ्याला एमआयडीसीत लागला. पण डोक्यात फौजच. दोन भरत्यांत पळताना मागं पडला. वय सरत आलं, एकच भरती उरली. म्हणून काम सोडून घरी आला आणि रोज सकाळी कालव्याच्या रस्त्यानं पळायला लागला. अर्ध्यातच दम लागायचा, खोकायचा. मी म्हणायचो, शहरातलं खाणं बाधलंय पोराला.

एका सकाळी पळून आला आणि गोठ्यामागं बसला. डाव्या तळव्यावर उजवा अंगठा, अगदी माझ्यासारखं मळत होता. मला बरं वाटलं. मी हात पुढं केला.

"आण रं चिमूटभर."

त्यानं मूठ मिटली. "ह्यातली नगं, आबा."

"का? सोन्याची हाय व्हय तुझी?"

"आवं नगं म्हनतोय न्हवं!"

जन्मात मला कुणी तंबाखूला नाही म्हणालं नव्हतं. मी त्याची मूठ उघडायला लावली. हिरवट चुरा, चुन्याचा पत्ता नाही. वासावरनं कळलं.

"गांजा?"

"निम्मी तंबाखू हाय."

"निम्मीचं काय कौतुक सांगतोस लेका! बैराग्यांच्या पंगतीत बसलास की!"

मी लय शिव्या दिल्या. त्यानं मान खाली घालून सगळ्या ऐकल्या. मग म्हणाला, "कंपनीतली पोरं वडायची. खोलीवर आलं की डोस्कं गप व्हायचं. नुसता घशाला लागतो, नीट जळत न्हाई, म्हनून तंबाखू घालत्यात. गांजा म्या दोनदा सोडला, आबा. पण तंबाखू मळाय घेतली की त्याची सय येती. आन तो वडला की तंबाखूबी जातीच छातीत."

"मग दोनी सोड."

"तुमी एक तर सोडून दावा."

मी तिथल्या तिथं तंबाखूची चंची उकिरड्यावर भिरकावली. दुपारीच पस्तावलो, पण आणायला गेलो नाही. बोललो ते बोललो. आठवडाभर डोकं ठणकत होतं, बायकोशी दोनदा विनाकारण भांडलो. ती म्हणाली, "खावा बाई एकदाची, घरात राहू द्या आमाला." तरी खाल्ली नाही. सकाळी घड्याळ घेऊन कालव्यावर उभा राहायचो. पोराचा खोकला कमी झाला, पळायचा वेळही कमी व्हायला लागला. मला वाटलं, ह्या वेळी जमलं.

भरतीवरनं संध्याकाळी परत आला आणि उंबऱ्यातच बसला.

"चार सेकंदानं हुकलं," म्हणाला.

मी पाण्याचा तांब्या दिला. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, "आता खावा तंबाखू, आबा. भरती संपली."

"भरतीत मी पळत हुतो व्हय रं?"

तो हसला नाही.

आता इस्लामपुरात ट्रॅक्टरच्या गॅरेजवर जातो. परवा त्याच्या शर्टाला वास आला. गांज्याचा नव्हता, नुसत्या सिगारेटचा होता. म्हणजे एक सुटलंय, दुसरं राहिलंय, आणि जे राहिलंय ते माझ्या हातनं लागलेलं. अजून त्याला विचारलेलं नाही. रविवारी घरी असतो, तेव्हा विचारणार आहे. शिव्या न देता विचारायचं ठरवलंय. ते मला कधी जमलेलं नाही.