चौकट

चेअरमननं दुधाचं लिटरचं माप माज्या कपाळावर हाणलं. टण्ण वाजलं. माप बी रिकामं, डोस्कं बी.

कळंबच्या बाजूचं आमचं गाव. दुष्काळाचं साल. दूध सोसायटीत कॅन टरकात चढवायचं माजं काम. कॅनला झाकन बसल्यावरच हात लावायचा. आमी बौद्ध झालो त्याला लई वर्सं झाली व्हती, पर चेअरमनच्या लेखी आमी व्हतो तेच.

त्या दिशी दुधासाटी आणल्याल्या बर्फाचा एक खडा भुईवर पडला. माती पुसून म्या तोंडात टाकला. तेवढंच.

"बाटवलास समदा बर्फ," चेअरमन म्हनला. मंग कपाळाकडं बघून हळूच, "कुनी इचारलं तर चौकट लागली म्हन."

दूध घालाय आल्याली रांगेतली मानसं हसली. म्या बी हसलो. सगळ्यात मोठ्यानं.

घरी आलो तवर लिंबाएवढं टेंगूळ. म्या चोळाय लागलो तर बायकूनं हात धरला.

"चोळू नगा. नर्सबाईनं सांगितलंय, मुका मार चोळायचा नसतो. गार ठिवायचा."

घरात अर्धी घागर पानी. टँकर परवा येनार. तिनं प्यायच्या पान्यात फडकं भिजवलं न् कपाळावर धरलं. दुधाला बर्फ, आन् मला घरच्यांच्या तोंडचं पानी.

"मळमळतंय का? भोवळ? उलटी झाली तर लगी कळंबला दवाखान्यात न्हेते. कशानं लागलं?"

"चौकट लागली."

तिनं फडकं काडलं. दाराकडं बघितलं. मंग माज्याकडं.

"चौकट तुमच्या डोस्क्याच्या इतभर वर हाय."

खरं व्हतं. म्या बुटका. त्या दारातनं पावनेरावळे वाकून येत्यात, म्या ताठ जातो. खोटं बोलाय सुदीक माजी उंची पुरंना.

ती हसली न्हाय. "मारनारा घरी जाऊन जेवला आसंल," म्हनली. "तुमी त्याचं खोटं हितवर उचलून आनलं. झाकन लावून."

सकाळी म्या पटका बांधला न्हाय. उगड्या डोस्क्यानं सोसायटीत गेलो. काळं-निळं कपाळ समद्या रांगेला दिसलं.

चेअरमननंच इचारलं, मोठ्यानं, "काय रं, कपाळाला काय झालं?"

रांग हसायच्या तयारीत. लोकाला हसवनारा, माजी वळख तीच ना.

"चेअरमन, म्या बुटका हाय," म्हनलो. "चौकट मला पोचत न्हाय. तुमचं माप पोचलं."

कुनी हसलं न्हाय. काम त्याच दिशी गेलं.

टेंगूळ बसलं, डाग पिवळा पडला, मंग त्यो बी गेला. तवर रोज उगड्या डोस्क्यानं गावातनं फिरलो. इचारनाऱ्याला सांगितलं, कुनी मारलं, कशानं, कशापायी. आज बी सांगतो. लोकाला हसवाय मला अजून येतं. पर मार खाऊन हसनार न्हाय.