आकाशगंगेतला काळा कापूस

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत गणपतीच्या देखाव्याबद्दल मत प्रत्येकाला असतं, हात मात्र कुणी लावत नाही. त्यामुळे यंदा आकाशगंगा मी करते म्हटल्यावर कमिटीने लगेच मान डोलावली. कमिटीचं मला काही पडलेलं नव्हतं. मला ती बाबांना दाखवायची होती.

बाबांचं लहानपण गावी, अंगणातल्या बाजेवर झोपून आभाळ बघण्यात गेलं. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचा एकच घोशा, "एकदा गावाला ने, आकाशगंगा बघायचीय." डॉक्टर एवढ्या प्रवासाला नाही म्हणतात, आणि पुण्याच्या आभाळात चार चांदण्या दिसल्या तरी नशीब.

म्हणून मी प्लायवूडची मोठी गोल चकती आडवी बसवली. मधे फुगवटा, त्यातून वळत बाहेर जाणारे फाटे, सगळे बारीक पांढऱ्या दिव्यांच्या माळांचे. फाट्यांमधून आणि कडेने पिंजलेला काळा कापूस, कारण आकाशगंगेत धुळीचे ढग असतात आणि ते मागच्या ताऱ्यांचा उजेड अडवतात. आपला सूर्य म्हणजे एक पिवळा दिवा, मध्य आणि कड यांच्या साधारण निम्म्यावर. उभं राहून पाहिलं की भोवरा दिसायचा. पण चकतीची उंची मी बाबांच्या व्हीलचेअरवर बसून ठरवली होती. आपण या चकतीच्या आतच राहतो, म्हणून आपल्याला ती पट्ट्यासारखी दिसते. बाबांना तोच पट्टा दिसायला हवा होता, मधे काळी चीर असलेला.

गणपती बसले. दुसऱ्या संध्याकाळी हिंजवडीहून कंपनीच्या बसने रखडत आले आणि बघते तर काळा कापूस गायब. पिवळा दिवा उचलून बरोब्बर मधे, मूर्तीच्या पुढ्यात. वर झगझगीत हॅलोजन.

"मॅडम, बाप्पासमोर काळं बरं नाही दिसत," अध्यक्ष म्हणाले. "आणि सूर्य असा एका बाजूला? तो मधेच शोभतो."

"शोभायला तो नवरदेव आहे का?"

"अहो, पण सगळ्यांना आवडलंय."

कापूस सकाळीच कचऱ्याच्या गाडीत गेला होता. संतापाने मला रडू यायचं बाकी होतं. वर घरात बाबा इस्त्रीचा सदरा घालून तयार बसले होते, त्यांना उद्या जाऊ म्हणायचा धीर झाला नाही. त्यांना खाली आणलं, व्हीलचेअर चकतीच्या कडेला लावली आणि आरतीची जमवाजमव चालली होती तेवढ्यात हॅलोजन बंद केला.

पट्टा उमटला. बाबा पुढे झुकले.

"मधली काळी चीर कुठंय?"

"काढली त्यांनी."

बाबा बघत राहिले. मग मागून "लाइट कुणी घालवला?" असा आवाज आला आणि पुन्हा लख्ख उजेड पडला. अध्यक्ष वाकून म्हणाले, "काका, समोर चला. इथून काय दिसणार?"

"इथूनच दिसते," बाबा म्हणाले.

लिफ्टमध्ये मी विचारलं, "दिसली का?"

"अर्धी."

आता पुन्हा गावाचं काढणार, म्हणून मी चिडून उत्तर तयार ठेवलं होतं. ते लिफ्टच्या दाराकडे बघत म्हणाले, "उरलेली तू बघून ये. मग मला सांग."

त्यानंतर गावाला ने असं ते एकदाही म्हणालेले नाहीत.