डोक्यावरच्या पाटीची जकात

जकात नाक्यावर मी कारकून होतो, तेव्हाची गोष्ट. पारोळ्याच्या रस्त्याने रोज सकाळी एक बाई डोक्यावर वांग्यांची पाटी घेऊन यायची. डोक्यावरच्या ओझ्याला जकात नव्हती, बाकीच्या बाया सरळ पुढे जायच्या. ही मात्र आडव्या बांबूपाशी थांबायची, पाटी उतरवायची, पदराने तोंड पुसायची अन् म्हणायची, "भाऊ, माले पावती फाडी द्या."

एकदा मी वैतागलो. "अक्का, कशाला पाहिजे पावती?"

"जे पट्टी भरतस, त्यासना घरमा नळ शे. आम्हना वस्तीमा नई."

तिची वस्ती नगरपालिकेच्या नोंदीतच नव्हती, म्हणून तिथे घरपट्टीही कोणी मागत नव्हतं. मी समजावू लागलो. जकात वेगळी, घरपट्टी वेगळी, सरकारचं अनुदान वेगळं, ते माणसं मोजून येतं. बोलता बोलता माझाच गोंधळ झाला. त्या माणसांत हिला धरलं असेल का?

तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मंग मी कोना हिशोबमा शे?"

मी पावतीपुस्तक उघडलं, कार्बन नीट केला, आणि मिटून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बांबूपाशी थांबली. मी मान खाली घालून एका ट्रकवाल्याची पावती फाडत राहिलो.